कंदीलवाला आणि भटक्या

दुकानात सासरा जावयाला 'अरे' म्हणायचा आणि वरच्या मजल्यावर, घरात, 'जावईबापू, तुम्ही'. मध्ये फक्त एक जिना. त्या जिन्यात दोघं समोरासमोर आले की सासऱ्याची पंचाईत व्हायची. मग तो नुसताच खाकरायचा.

दुकान सोफे-खुर्च्या नव्याने मढवायचं. लग्न झालं आणि जावई तिथेच कामाला लागला, तेही हौसेनं. लोक घरजावई म्हणाले, म्हणू देत. जुनं कापड उचकटणं, खिळे उपटणं, स्प्रिंगा बांधणं, शिलाई, सगळं शिकला. हात चांगला होता त्याचा. एकच काम सासऱ्यानं त्याला कधी दिलं नाही. चामडं कापायचं. कापड चुकलं तर दुसरं ठाण आणता येतं. चामड्याचा प्रत्येक तुकडा वेगळा, त्याला जोड मिळत नाही. कात्री एकदा चालली की चालली. त्या वेळी जावई आपला शेजारी उभा, पाहुण्याची बॅग सांभाळल्यासारखा.

आणि काल चामडं आलं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मोठ्या खुर्चीचं. गडद तपकिरी, मऊसूत. रात्री जेवताना जावयाला बायकोनं टोकलंच.

"या खेपेला विचारणार आहेस, की नुसता बघत बघत म्हातारा होणार?"

"सकाळी विचारतो."

"सकाळी पत्ते निघतात. बाबा पत्त्यांमागे लपतात."

हे खरं होतं. टॅरोचे, म्हणजे भविष्य सांगायचे चित्रांचे पत्ते सासूबाईंचे. त्या होत्या तेव्हा रोज सकाळी चहाबरोबर दोन पानं काढायच्या, एक स्वतःचं, एक नवऱ्याचं. भविष्यबिविष्य नाही. आजचा दिवस जरा डोळे उघडे ठेवून घालवावा, एवढ्यासाठी. पत्त्यांना नावंही त्यांनीच दिलेली, आणि नियमही त्यांचाच: आपल्या पानाचा अर्थ आपण लावायचा नाही, समोरच्यानं सांगायचा. माणूस स्वतःला खरं सांगत नाही म्हणे. त्या गेल्या, तसा जावई त्यांच्या जागेवर बसायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं. सासरा एकटा पत्ते पिसत बसलेला त्याला बघवेना, एवढंच.

तर सकाळी कटिंगच्या टेबलावर दोन कप आणि दोन पानं.

सासऱ्यानं आपलं उलटलं. बर्फाच्या डोंगरावर उभा एकटा म्हातारा, पांढरी दाढी, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील. सासूबाईंचा 'कंदीलवाला'. जावयाचं निघालं 'भटक्या'. कड्याच्या टोकावर एक तरुण, खांद्यावर गाठोडं, नजर आभाळात, पायाशी उड्या मारणारं कुत्रं.

"बोल," सासरा म्हणाला.

जावयानं घसा साफ केला. "हे बघा बाबा. या म्हाताऱ्याचा डोंगर चढून झालाय. आता कंदील वर धरलाय, तो मागून येणाऱ्यासाठी. म्हणजे आज तुम्ही फक्त उजेड दाखवायचा. काम मागच्याला करू द्यायचं."

"मागच्याला."

"हो. असला कोणी मागे, तर."

"कात्रीबद्दल काही म्हणतोय का हा?"

"एका हातात काठी, एका हातात कंदील. कात्री धरणार कुठे बिचारा?"

सासऱ्यानं चहाचा घोट घेतला. "बरं. आता तुझं ऐक. नजर कुठे? वर. पाय कुठे? कड्यावर. आणखी एक पाऊल, की खेळ खल्लास. कुत्रं जीव तोडून सांगतंय, थांब म्हणून. तेव्हा आज धारेच्या कामापासून लांब राहायचं."

"कुत्रं थांबच म्हणतंय कशावरून? चल म्हणत असेल."

"आपल्या पानावर आपण बोलायचं नाही."

झालं. जावई भटक्याकडे बघत राहिला आणि मग एकदम त्याला स्वतःचाच कंटाळा आला. नाही जमत आपल्याला हे आडून आडून.

"बाबा, मी मघाशी लबाडी केली. कंदीलवाल्याचा काही संबंध नाही. मला त्या खुर्चीचं चामडं कापायचंय. आज. कुठलंही पान निघालं असतं तरी मी हेच सांगणार होतो."

"कुठलंही?"

"कुठलंही."

"वीज पडलेला बुरूज निघाला असता तर?"

"म्हणालो असतो, बाबा, कात्री खाली ठेवा, वीज लोखंडावर पडते."

सासरा असा हसला की चहा नाकात गेला. ठसका लागला. जावयानं पाठीवर थापट्या मारल्या. डोळे पुसत सासरा म्हणाला, "मी तरी कुठला साधू लागून गेलो? सूर्य निघाला होता तुला, तेव्हा काय म्हणालो?"

"डोळ्यांवर ताण येईल, बारीक काम नको."

"आणि रथवाला?"

"टेम्पोतून सोफा पोचवून ये."

"बघ. तुझी सासू स्वतःच्या पानाची लबाडी ओळखून होती. पण दुसऱ्याच्या पानावरूनही माणूस आपल्याच पोळीवर तूप ओढतो, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. साधी होती."

जावयाला हसू आलं, पण आतली टोचणी राहिलीच. "पण का बाबा? माझा हात कच्चा आहे का?"

"कच्चा असता तर सोपं होतं रे." सासरा पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "या धंद्यात कटिंग आलं की माणूस सुटा होतो. वेगळं दुकान टाकतो. रीतच आहे ती, मीही तसाच निघालो होतो. तू गेलास की पोरगी जाणार. मग सकाळी समोर कोण? माझ्या पानाचा अर्थ काय भिंतीला विचारू?"

जावयाला वाटत होतं, आपल्यावर भरवसा नाही म्हणून हे कात्री देत नाहीत. इतके दिवस मनात कुढत होता. आणि इथे तर उलटंच निघालं. सोडून जाणार नाही अशा शपथा घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"खरं सांगू? वेगळं दुकान माझ्या डोक्यातही नव्हतं. आता तुम्हीच घातलंत."

"मेलो!"

"टाकलंच कधी, तर समोरच्या गाळ्यात टाकेन. तुमची गिऱ्हाइकं पळवायला. सकाळचा चहा मात्र इथेच घेणार."

"हरामखोर," सासरा म्हणाला, पण लोक 'बाळा' म्हणतात तसं.

जिन्यावरून बायकोचा आवाज आला. "झाला का निकाल?"

"तू ऐकत होतीस?"

"कप न्यायला आले होते."

"कप अजून भरलेत!"

"म्हणून तर थांबले ना, बाबा."

सासऱ्यानं पत्ते गोळा केले, टेबल पुसलं आणि मोठी कात्री जावयासमोर ठेवली. मूठ त्याच्याकडे करून.

चामडं पसरलं. जावयानं तुकड्यांच्या मापाचे कागदी फर्मे मांडले. बैठकीचा तुकडा मधल्या घट्ट भागातून, कारण कडेचं चामडं सैल पडतं. एका ठिकाणी बारीक ओरखडा होता. फर्मा थोडा सरकवला, पुन्हा बघितलं, पुन्हा सरकवला. सासऱ्याचा हात सवयीनं पुढे आला, हवेत थांबला आणि खिशात गेला. मग तो वळून सरळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"हे काय?" बायको म्हणाली. "शिक्षा झाल्यासारखे?"

"बघत राहिलो तर बोलेन. बोललो तर ते माझंच कटिंग होईल."

खडूची रेघ झाली. कात्री लागली. पहिला दाब द्यायला जावयाला जड गेलं, मग धार लागली तशी हात आपोआप चालायला लागला. दुकानात तेवढाच आवाज, जाड, संथ.

"कुठवर आलास?" भिंतीकडून प्रश्न आला.

"वळणावर."

"वळणावर कात्री नाही, चामडं फिरव..." सासऱ्यानं जीभ चावली. "मी काही बोललो नाही."

"मी काही ऐकलं नाही," म्हणत जावयानं चामडं फिरवलं, आणि कात्री वळणातून गोल, सुरेख निघून पुढे गेली.