सव्विसाव्या नकाशावरची फुली

मी एक सरकारी अहवाल. केंटकी राज्यातल्या टॉलिव्हर काउंटीच्या मातीची सगळी माहिती माझ्या पोटात आहे. विषय रुक्ष वाटला ना? सगळ्यांनाच वाटतो. नावावरूनच लोक मला परत ठेवतात.

माझ्यासाठी एक सरकारी माणूस सात उन्हाळे डोंगर-दऱ्या पालथ्या घालत होता. दर शंभर पावलांवर जमिनीत गिरमिट घालायचा, माती चिमटीत धरून चोळायचा आणि वहीत टिपायचा. मग विमानातून फोटो काढले, त्यांचे घडीचे नकाशे केले आणि वॉशिंग्टनला मी छापला गेलो.

तिथून खोक्यात बसून मी एका लहानशा कॉलेजच्या ग्रंथालयात आलो. सरकारी कागदपत्रं सांभाळायला नेमलेलं हे ग्रंथालय. माझ्या पाठीवर तारखेचा शिक्का बसला. शिक्क्याचा अर्थ असा की मी राहणार इथे, पण मालकी सरकारची. ग्रंथालय नुसतं राखणदार. तेव्हा मला या शिक्क्याचा फार अभिमान होता.

मी आलो आणि सात-आठ वर्षांत नदीवर धरण झालं. माझ्या सव्विसाव्या नकाशावरची अख्खी दरी पाण्याखाली गेली. मी एका रात्रीत जुना झालो. पुढे कोणी मला हात लावीना. कपाटाच्या खालच्या फळीवर उभ्या-उभ्या माझी वर्षं गेली.

अपवाद एकच, ओपल स्टिडम. दर एप्रिलमध्ये, सफरचंदांना बहर येतो त्या आठवड्यात, ती यायची. केस काळे होते तेव्हापासून यायची, पार पांढरे झाले तरी यायची. दारातूनच ओरडायची, "ग्लेनिस, काढ गं आमचं घर!"

ग्लेनिस म्हणजे आमची ग्रंथपाल. ती मला टेबलावर ठेवायची, सव्विसावा नकाशा उलगडायची. नदीच्या वळणाशी एक पांढरा ठिपका होता, त्याच्यामागे बारीक टिंबांच्या रांगा. ते ओपलच्या बाबांचं घर आणि त्यांची सफरचंदाची बाग. ओपल ठिपक्यावर बोट ठेवायची आणि बसून राहायची. कधी पुटपुटायची, "त्या मातीवाल्याला आईनं ॲपल-पाय करून खाऊ घातला होता. दोन तुकडे खाल्ले मेल्यानं." तिचं बोट ऊबदार असायचं. उरलेलं वर्ष मी त्या उबेवर काढायचो.

एका एप्रिलमध्ये तिनं पेन्सिलीनं ठिपक्यावर छोटी फुली मारली. नजर अधू व्हायला लागली होती, घर सापडायला वेळ लागायचा. मला ती फुली खूप आवडली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यावर स्वतःचं काही लिहिलं होतं.

मग कॉलेजला जागा कमी पडू लागली. कपाटं काढून तिथे कोच आणि कॉफीचं मशीन येणार होतं. मी म्हणे आता कॉम्प्युटरवर आहे. मजकूर आहे, खरंय. पण नकाशे घडी न उलगडताच स्कॅन केलेत. ते तपासायला वेळ कुणाला?

ग्लेनिसनं ओपलला सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, "मग मला देऊन टाक."

"माझं असतं तर कधीच दिलं असतं, मिस ओपल. सरकारचं आहे."

"सरकारनं आमची अख्खी दरी नेली. एक पुस्तक द्यायला एवढी खळखळ?"

"आधी काढून टाकायच्या पुस्तकांची यादी बाकीच्या ग्रंथालयांना पाठवावी लागते. पंचेचाळीस दिवसांत दुसऱ्या ग्रंथालयानं मागितलं नाही, तर तुमचं."

"आणि मागितलं तर?"

"इतक्या वर्षांत तुमच्याशिवाय कुणी मागितलंय?"

मला ते लागलं, पण खोटं नव्हतं.

"यादीत काय काय लिहायचं असतं?" ओपलनं विचारलं.

"आहे तसं. पानं सुटलीत का, डाग, खुणा..."

ग्लेनिस फॉर्म आणायला आत गेली. ओपलचा चेहरा उतरला. सरकारी वस्तूवर रेघ ओढल्याचा ठपका ग्लेनिसवर येईल, असं तिला वाटलं. तिनं पर्समधून खोडरबर काढलं आणि माझी फुली हलक्या हातानं पुसली. कण फुंकून टाकले. मी गयावया करत होतो, "अगं बाई, नको! त्या फुलीमुळेच मला कुणी मागणार नाही!" पण अहवालाचं कोण ऐकतं?

ग्लेनिसनं प्रामाणिकपणे लिहिलं, 'प्रत स्वच्छ. सर्व नकाशे शाबूत. खुणा नाहीत.'

जन्मभर कुणीतरी मागावं म्हणून झुरणारा मी आता कुणीही मागू नये म्हणून दिवस मोजू लागलो. एक्केचाळिसाव्या दिवशी पत्र आलं. दूरच्या एका विद्यापीठाची प्रत पुरात भिजली होती. त्यांना खुणा नसलेली प्रत हवी होती आणि तशी एकमेव प्रत मीच होतो.

ग्लेनिसनं ओपलला बोलावलं. नकाशाची झेरॉक्स काढून पाहिली, नुसता काळा धब्बा आला. फोनमध्ये फोटो काढून दिला. ओपलनं त्यावर बोट ठेवलं, तर चित्रच सरकलं.

"हे तर पळतं गं," ती म्हणाली.

ग्लेनिसचे डोळे भरले. "मिस ओपल, मी त्यांना काहीतरी कारण कळवते."

ओपलनं नकाशाची घडी घातली. मग तिनं मला मिटलं. "नको पोरी. पुरात गेलं ना त्यांचं? पाण्यात गेलं की कसं वाटतं, मला विचार. नीट बांधून पाठव."

आता मी एका थंडगार गोदामात आहे. इथे उंचीप्रमाणे रचून ठेवतात. मी सुरक्षित आहे, कायमचा. मला कुणी फेकणार नाही आणि कुणी उघडणारही नाही. एप्रिल आला की मात्र मला राहवत नाही. ती आता कशावर बोट ठेवत असेल?

तुम्ही मला कधी मागवलंत, तर एवढं करा. सव्विसावा नकाशा उलगडा. फुली दिसणार नाही. पण ओपलनं पेन्सिल जरा दाबून चालवली होती. नदीच्या वळणाशी बोट हळू फिरवा, ते अडखळेल. तिथे थोडा वेळ बोट राहू द्या.