काल थांबलो तिथून

"मी वाचणार नाही!" पुस्तक चुलीपाशी आदळत ती म्हणाली. "आजपासून बंद. त्या देवाला ऐकूच येत नाही, तर मी कशाला घसा फोडू?"

नवरा भिंतीला टेकून, हात जोडून बसला होता. विहिरी खोदणारा माणूस. अर्धं आयुष्य जमिनीच्या पोटात गेलेलं, म्हणून गाव त्याला पाताळ्या म्हणायचं. त्याला अक्षर येत नव्हतं. तिला चौथीपुरतं येत होतं, तेवढ्यावर गावानं तिला मास्तरीण करून टाकलेलं. घरात नियम एकच. सकाळी तिनं पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा, त्यानं प्रार्थना करायची, मग तोंडात घास. उताराही काल थांबलो तिथूनच पुढचा. गोड तेवढं वेचायचं नाही. "देव काय वांगी आहे, कोवळी बघून घ्यायला?" असं तो म्हणायचा. दिवसभर पहार चालवताना तो उतारा चघळायचा आणि संध्याकाळी बायकोला सांगायचा, आज मला याचं असं असं लागलं.

पण गेल्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती पोरगी तापानं गेली. तेव्हापासून ती वाचायची ती भाड्यानं रडायला बसवल्यासारखी. शब्द ओठातून जायचे, काळजाला त्यांची झळही नसायची.

"अगं, राग आहे तर रागानं वाच," नवरा म्हणाला.

"रागानं? पोरगी मातीत घातली मी. वर याला रोज स्तुती पाहिजे! तुम्ही जा तुमच्या खड्ड्यात."

तो उठला. डब्याला हात लावला नाही. नियम म्हणजे नियम. उंबऱ्यात थांबून म्हणाला, "पुस्तक चुलीपासून उचल तेवढं. ठिणगी उडेल." आणि गेला.

ऊन डोक्यावर यायच्या आत आरोळी आली. विहीर ढासळली!

विहीर बागाईतदाराची. जुनीच, तळ आटला म्हणून खोल करायला काढलेली. कडेची माती भुसभुशीत झालीय, फळ्या ठोकून आधार द्या, असं पाताळ्या आठवडाभर ओरडत होता. बागाईतदार म्हणायचा, "तू खोद रे, फळ्यांचं बघू." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. फळ्या तशाच राहिल्या आणि माणूस आत गेला.

ती धावत पोचली तेव्हा काठावर जत्रा भरावी तशी माणसं. हातात पुस्तक होतं. ते कधी उचललं, तिचं तिला ठाऊक नाही. खाली नुसता मातीचा ढीग. पण हवा सोडायचा पाइप ढिगाऱ्यातून वर काठापर्यंत आला होता, आणि लोहार त्याला कान लावून पालथा पडला होता.

"वहिनी, जिवंत आहे! धोंडा आडवा पडलाय, त्याच्या आडोशाला आहे. कमरेपर्यंत गाडलाय."

तिनं पाइपाला तोंड लावलं. "अहो!"

खालून, फार लांबून, आवाज आला. "आलीस?"

"आले. श्वास येतोय ना?"

"येतोय जरासा. पाय कळत नाही." आणि मग, "वाच."

"काय?"

"सकाळचं राहिलंय. वाच."

बागाईतदार छत्री धरून उभा होता. "कुणी खाली उतरू नका. शहरातून यंत्र मागवलंय. तोवर थांबा."

"किती वेळ लागेल?" लोहारानं विचारलं.

"येईल की. संध्याकाळपर्यंत."

"बैल गेला आणि झोपा केला," शिंपी मागून पुटपुटला. पुढं मात्र कुणी सरकलं नाही. गावातले निम्मे लोक याच माणसाच्या शेतावर राबणारे. जीव दुसऱ्याचा आणि चूल स्वतःची, मग माणूस जागच्या जागी खांब होतो.

तिनं स्तोत्र काढलं. मेंढपाळाचं, हिरव्या कुरणाचं. दोन ओळी वाचल्या असतील.

"हे आजचं नाही," पाइप म्हणाला. "काल थांबलो तिथून."

"अहो, मरायच्या वेळीसुद्धा..."

"तिथून."

तिनं खूण घातलेलं पान उघडलं आणि डोक्यात तिडीक गेली. नावांची रांग! पडलेल्या शहराची तटबंदी लोकांनी पुन्हा बांधली, कोणता तुकडा कुणी बांधला याचा पाढा. नवरा जिवंत गाडलाय आणि देव हजेरी घेतोय! पण तिनं वाचलं. रागानंच वाचलं, अगदी ओरडून. अवघड नावं जिभेवर येईनात, ती गाळून धंदे वाचले. अमक्यानं एवढी भिंत बांधली. त्याच्या शेजारी सोनारानं बांधली. त्याच्या शेजारी अत्तर विकणाऱ्यानं बांधली. त्याच्या शेजारी, त्याच्या शेजारी. मग एक ओळ आली. एका गावच्या लोकांनी आपला तुकडा बांधला, पण तिथल्या थोरामोठ्यांनी कामाला मान लावली नाही.

खालून खोकला आला. हसत होता मेला. "हे परत वाच."

तिनं परत वाचलं. या वेळी छत्रीकडे बघून.

लोहारानं पागोटं काढून कमरेला आवळलं. "अत्तरवाला भिंत बांधतो आणि मी लोहार बसून राहू?" म्हणत तो पंपघराकडे गेला आणि दाराला पहार लावली.

"अरे, ते माझं दार आहे!" बागाईतदार किंचाळला.

"आता फळी आहे," लोहार म्हणाला.

तो दोरानं उतरला, मागोमाग शिंपी. "मला माप घेता येतं, माती उपसता येते का ते बघू," असं म्हणत. दाराच्या फळ्या कडेला ठोकल्या, घमेली भरू लागली. वर दोर ओढायला चारच गडी पुढं आले, ते दमले. बायका लांब घोळक्यात डोळ्याला पदर लावून. ती वाचतच होती. त्याच्या शेजारी एका अधिकाऱ्यानं बांधलं, त्यानं आणि त्याच्या मुलींनी.

"मुलींनी?" लोहाराची सासू म्हणाली. सत्तरीची बाई. "मग आपण काय मेल्यांनो, मयताची वाट बघतोय?" तिनं दोराला हात घातला. मग बाकीच्यांनी घातला.

ऊन कलायला लागलं. "अहो, ऐकताय ना?" असं ती मधून मधून विचारायची. खालून "हूं" यायचं. मग ते बारीक झालं. मग आलंच नाही.

"अहो?"

पाइपातून नुसती हवा.

पानं संपली नव्हती, पण तिचा आवाज संपला. आतापर्यंत तिनं नुसतं वाचलं होतं. प्रार्थना तो करायचा. आता करणारा मातीखाली होता. तिनं काठावर गुडघे टेकले. तोंडात आलं ते शहाण्या माणसाचं बोलणं नव्हतं.

"प्रभू, पोरगी नेलीस तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं. ते तुला बरंच पडलं असेल. आता टाकणार नाही. हा माणूस मला पाहिजे. मी चांगली आहे म्हणून नाही, मी चांगली नाही. मला दुसरं कुणी नाही म्हणून. तू खाली आहेस का त्याच्यापाशी? असशील तर त्याचं डोकं धर. नसशील तर जा. आत्ता जा. पोरीच्या उशाला मी तुला शोधत होते, तू मला दिसला नाहीस. आज तिथं अंधार आहे, तू नाही दिसलास तरी चालेल. पण अस."

आणि तिनं पुढचं नाव वाचलं. उत्तर देणारं कुणी नसताना. त्याच्या शेजारी. त्याच्या शेजारी.

उतारा संपायला आला तेव्हा लोहाराची हाक आली, "हात लागला!" घमेली भराभर वर येऊ लागली. मग शिंप्याचा रडका आवाज, "ऊन आहे गं वहिनी, हात ऊन आहे!"

त्याला वर काढलं तेव्हा तो मातीचाच पुतळा होता, श्वास घेणारा. उजव्या पायाचं जे व्हायचं ते झालं होतं. दवाखान्यात तो पाय गुडघ्याखाली कापला. विहिरीत उतरणं संपलं. यंत्र दुसऱ्या दिवशी आलं आणि बागाईतदारानं त्या यंत्राकडून दुसरीकडे विहीर खणून घेतली. आपलं दार मोडल्याचं मात्र तो अजून गावभर सांगतो.

दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी लोहाराची सासू बसली होती. "वाचवलं बाई देवानं."

"वाचवलं," ती म्हणाली. "पण पाय ठेवला नाही, आणि पोरीचं अजून एक अक्षर सांगितलेलं नाही. आज सकाळीसुद्धा भांडले मी त्याच्याशी."

"अगं! देवाशी भांडतात का?"

"मग कुणाशी भांडू? आता तेवढ्या जवळचा दुसरा आहे कोण?"