गळालेलं शिंग

इलियासनं पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मिरजेतल्या त्याच्या अरुंद दुकानात भिंतीला सतारी टेकून उभ्या होत्या. समोर त्याची वकील लेक अर्फा प्रतिज्ञापत्र पसरून बसली होती. उद्या ते कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचमध्ये दाखल करायचं होतं.

“अब्बा, पुन्हा सांगते. परदेशांशी केलेला करार पाळायला संसदेनं वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा हा कायदा कडक केला. तो अधिकार तिला आहे. पण करारासाठी केलेला कायदासुद्धा घटनेबाहेर जाऊ शकत नाही. सांबराच्या आपोआप गळालेल्या शिंगावर पोट भरणाऱ्याचा धंदा सरसकट बंद करता येत नाही. एवढंच आपलं म्हणणं.”

“लय झालं एवढंच,” इलियास हसला.

सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती घोडी सांबरशिंगाची असली की सूर उजळतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बंदी आली तसं बापाचं शेवटचं शिंग कपाटात गेलं आणि इलियास मन मारून फायबरच्या घोड्या घासू लागला. बापानं शिंगाच्या बुडाला गुंडाळलेलं मेणकापड त्यानं कधी सोडलं नव्हतं. बापाच्या हातची गाठ होती ती.

“अख्ख्या शिंगाचा फोटो जोडायचाय,” अर्फा म्हणाली. “कापड काढा.”

इलियासनं कपाटातून शिंग काढलं. गाठ चिवट होती. कापड सुटलं आणि इलियासचा हात थांबला.

“काय झालं?”

“गळालेल्या शिंगाचं बूड गोल, खडबडीत असतं. हे बघ.”

बुडाला कवटीचा तुकडा होता. त्यावर करवतीचे दात उमटले होते.

“जनावर मारल्याबिगर हे येत न्हाई.”

“पण दादाजी म्हणायचे, जंगलात सापडलं.”

“म्हणायचे खरं.”

इलियासला बापाचा राग आला. मग ती घट्ट गाठ आठवली आणि रागापेक्षा कीव जास्त आली.

अर्फानं मोबाईल शिंगाच्या टोकाकडे धरला. मग खालच्या आवाजात म्हणाली, “फोटो वरच्या बाजूनं काढते. बूड कुणी बघणार नाही.”

“आन् खाली सही माझी? शपथेवर?” त्यानं पेन तिच्याकडे सरकवलं. “सरकारला घटनेची वेस हाय म्हणालीस. मग मला न्हाई व्हय?”

अर्फानं सही न झालेले कागद गोळा केले. शिंग उघडंच राहू देत इलियासनं दुरुस्तीची सतार मांडीवर घेतली. फायबरच्या घोडीवर कानस फिरवली, तार छेडली, कान लावला, आणि पुन्हा कानस फिरवली.