वाफेची मशीन आणि साहेबांची किटली

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी बॉम्ब नाही. मी एक जुनी वाफेची मशीन आहे. ज्यांच्या छातीत दमा घर करून बसतो, त्यांच्या औषधाचं पाणी मी हवेच्या जोरावर फोडते आणि त्याची बारीक वाफ नळीतून तोंडावरच्या मास्कमध्ये सोडते. एवढंच माझं काम. यात देशाला धोका कुठे आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मी माणसांत आले ती अकोल्याच्या एका औषधाच्या दुकानात. तिथून मूर्तिजापूरच्या अब्दुल सत्तारभाईंनी मला घरी नेलं. त्यांची नात तुबा तेव्हा दोन वर्षांची होती, आता सहाची आहे. कित्येक रात्री मी तिच्या उशाशी घरघरले. शेजारच्या पार्बताबाई म्हणायच्या, "सत्तारभाई, मशीन मोठी गुणाची हाय बरं!" कौतुक कोणाला आवडत नाही? पुढे तुबाचा दमा कमी झाला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. धूळ बसली. मी तक्रार केली नाही. माझा विसर पडला म्हणजे पोरगी बरी आहे, हे मला कळतं.

यंदा तुबा आई नईमाबरोबर वडिलांकडे शारजाला निघाली, तेव्हा मला खाली काढलं. सत्तारभाईंची तीस वर्षं डाळ मिलमध्ये गेली. अंडी असोत की काचेच्या बरण्या, जे फुटेल ते धान्यात पुरायची आमच्याकडची रीत. त्यांनी मला पाच किलो तूरडाळीत पुरलं आणि दाभणाने सुतळी ओढून थैलीचं तोंड शिवून टाकलं.

"अब्बा, तिथं खोलाले लावतीन," नईमा म्हणाली.

"काहून खोलतीन, बेटा? डाळ तं हाय. आन् जावयाले बी घरची डाळ होऊन जाईन."

विमानतळावर आमच्या पुढच्या गृहस्थांच्या बॅगेत दोन लॅपटॉप, तीन फोन आणि वायरींचा गुंता होता. ते शिट्टी वाजवत पार झाले. मग बॅगा तपासणाऱ्या मशीनच्या पडद्यावर मी दिसले: डाळीच्या ढिगात मोटर, वायर आणि नळी. खरं सांगते, मला तसं पाहून मीसुद्धा घाबरले असते. इथवर तपासणीवरच्या साहेबांचं काही चुकलं नाही. पुढचं ऐका.

साहेबांनी नईमाच्या बोर्डिंग पासवरचं नाव दोनदा वाचलं आणि थैली उघडायला फर्मावलं. कशाने उघडणार? नईमाची छोटी कात्री त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी जप्त केली होती. तिने दातांनी सुतळी तोडली. डाळ ट्रेभर झाली, फरशीवर सांडली. घाबरून तुबा रडायला लागली, रडता रडता खोकायला लागली आणि तिच्या छातीतून दम्याची ती शिट्टी ऐकू आली. ती मी चांगली ओळखते.

"साहेब, लेकराले दम लागून राहिला. मशीन द्या मले."

"आधी ही वस्तू काय आहे ते सिद्ध करा."

नईमाने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "ही कोणत्या भाषेत आहे?"

"डॉक्टरच्या."

"चालू करून दाखवा मग."

"प्लग कुठं लावू?"

"प्रवाशांना इथे प्लग लावायची परवानगी नाही."

मित्रांनो, हे वाक्य एकदा पुन्हा वाचा. मी घाई करत नाही. घाई तुबाला होती, तिचे ओठ निळे पडत चालले होते. भिंतीवर एकच सॉकेट होतं आणि त्यात साहेबांच्या चहाची किटली लावलेली होती. साहेब शांतपणे फॉर्म भरत होते. रकाना होता, ‘वस्तूचा उद्देश’. देवाने मला नळीऐवजी हात द्यायला हवा होता!

तेवढ्यात तिथे ड्युटीवर असलेली पौर्णिमा पुढे आली. शिपाई, दर्यापूरची.

"साहेब, पोरीकडं पाहा जरा."

"तुम्ही नियम पाहा."

"नियमाले दमा नसते, साहेब!" म्हणत तिने किटलीचा प्लग उपटला आणि माझा लावला. नईमाने औषध ओतलं, तुबाच्या तोंडावर मास्क धरला. मी सुरू झाले.

साहेबांनी मान डोलावली. "ठीक. चालते म्हणजे मशीनच आहे. सिद्ध झालं. बंद करा आता."

"दहा मिनिटं लागतात औषध संपाले!"

"चालू करून दाखवायचं होतं, ते झालं," म्हणत साहेबांनी हात सॉकेटकडे नेला.

पौर्णिमा भिंतीला पाठ लावून सॉकेटसमोर उभी राहिली. "लावा हात. पाहू."

साहेबांचा हात हवेतच थांबला. मग तो फॉर्मवर परत गेला. रांगेतले लोक घड्याळं पाहत होते.

मी दहा मिनिटं चालले. इतक्या रागाने आयुष्यात कधी चालले नव्हते. शिट्टी बारीक होत गेली आणि थांबली. तुबाने मास्क बाजूला केला. "अम्मी, भूक लगी."

तर मित्रांनो, मला डाळीत पुरू नका. हाताशी, दिसेल अशी ठेवा. आणि तपासायचं तर खुशाल तपासा, स्क्रू न् स्क्रू काढून पाहा. मला थांबता येतं. नळीच्या दुसऱ्या टोकाला असतं त्या लेकराला थांबता येत नाही. साहेबांनी शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘वस्तू निर्धोक’. माझी तपासणी झाली. साहेबांना आत घालून पाहता येईल अशी मशीन मात्र त्या विमानतळावर अजून बसवलेली नाही.