तापेश्वर महाराजांची ऊब

बाळंतिणीची खोली बुवाला देणारा हा बसवंत आपल्याच पोटचा, याची शिवगंगाबाईंना लाज वाटत होती. त्यानं बायकोला, महानंदाला, बारा दिवसांच्या लेकरासकट ज्वारीच्या कोठीत हलवलं होतं. दुष्काळात जनावरं छावणीत गेलेली. शेण नाही, तर गोवऱ्या कुठल्या? बाजेखाली शेकायला विस्तवच नव्हता.

लातूर जिल्हा नवा झाला त्या हिवाळ्यात उदगीरकडच्या या गावात जिल्ह्याचं काही पोचलं नव्हतं. तापेश्वर महाराज तेवढे पोचले. चौरंगावर बसून डोळे मिटले की विस्तवाशिवाय खोली तापायची. दाराशी ही रांग! महाराज बजावायचे, "फटीत गोणपाट कोंबा. तप बाहेर सांडतं." चौरंगाला शिवायची बंदी; पापी माणूस भाजतो म्हणे.

दहा दिवसांत तप भिंतीत मुरेल, मग लेकराला जन्मभर थंडी वाजणार नाही, असं बसवंताचं म्हणणं. तिकडं लेकराचे ओठ निळे पडू लागले होते.

शिवगंगाबाईंची नजर पडवीतल्या मीटरवर होती. महाराजांनी डोळे मिटले की दिवा मिणमिणायचा, चकती गरगर फिरायची. कडाका पडला की दुपारपर्यंत. ऊन तापलं की लवकर थांबायची. दार उघडं राहिलं तर आणखी तासभर.

सकाळी रांग भरल्यावर त्यांनी मेन स्विच खाली ओढला आणि सगळ्यात पुढे जाऊन बसल्या.

खोली गार पडत गेली. कुणाच्या तरी मनात शंका आहे, असं महाराज म्हणाले. बसवंतानं तिघांना बाहेर काढलं. धोंडप्पा वाणी आपणच पापी म्हणून रडू लागला. शेवटी महाराजांचे दात वाजले आणि त्यांनी घोंगडी मागितली.

शिवगंगाबाईंनी त्यांना उठवून चौरंग उलटा केला. आत कॉइलची शेगडी. वायर चटईखालून देवाच्या तसबिरीमागच्या प्लगात. धोंडप्पानं भीत भीत कॉइलला बोट लावलं. भाजलं नाही. "म्हणजे मी पापी न्हाई?" त्यानं विचारलं. तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

स्विच वर गेला, कॉइल लाल झाली. महानंदा लेकराला घेऊन खोलीत परतली. शेगडी बाजेपासून हातभर लांब ठेवली. लेकराच्या ओठांवर रंग आला, तेव्हा शिवगंगाबाई लेकाकडं वळल्या.

"बसवंता, खोली तीच, शेगडी तीच, गोणपाट तेच. बुवा काढला तर ऊब कमी झाली का? पुढं कुणी चमत्कार दावला तर पाया पडायच्या आधी चौरंगाखाली बघ, मीटर बघ. डोळे तुला बी हायत. पर तू सोताच चौरंग झालास लेका. कुणीबी येतंय आन् बसतंय."