खळ घातलेली जर्सी

खेळाडूंच्या पाठीवरचा आकडा मला लांबून वाचता यायचा नाही. तिरक्याला मी धावण्यावरून ओळखायची. मैदानाच्या डाव्या कडेने, अंग कलतं टाकून तो सुटला की मी ताडकन उभी राहायची. तिरक्या म्हणजे आमच्या फुटबॉल क्लबचा हुकमी खेळाडू!

आई लाँड्रीत कामाला होती. वेटरांचे कोट, टेबलांवरची कापडं, सगळं खळ घालून कडक करायचं, हीच तिच्या हातांची सवय. क्लबचे कपडे धुण्याचं काम नवीन होतं. त्याच्याच भरवशावर मालकाने तिला कायम केलं होतं. अंतिम सामन्याच्या जर्सी झकास दिसाव्यात म्हणून तिने त्याही खळीत बुचकळल्या आणि कडक इस्त्री केली.

सामन्याआधी बघतो तर काय, खेळाडू बुजगावण्यासारखे हात पसरून उभे!

"बाई, ही जर्सी आहे की पत्रा?" क्लबचा मॅनेजर कडाडला. "उद्यापासून तुमचं काम बंद!"

आईचा चेहरा उतरला. मी तिचा पदर घट्ट धरला.

तिरक्याने नळाखालची भरलेली बादली उचलली आणि अंगावर ओतून घेतली. "झाली मऊ! चला रे, नवरदेवासारखे काय उभे राहिलात?"

समोरच्या संघात एक धिप्पाड गडी होता. त्याला सगळे पक्कड म्हणत. रेफरीची पाठ वळली की तो जर्सी धरायचा. आदल्या वर्षी त्याने तिरक्याला असंच जखडून ठेवलं होतं. आजही त्याने मूठ आवळली, पण भिजलेल्या खळीने बुळबुळीत झालेली जर्सी साबणाच्या वडीसारखी सटकली! पुन्हा धरली, पुन्हा सटकली. पक्कड आपल्याच पंजाकडे बघत राहिला.

"पळ, तिरक्या, पळ!" मी बाकावर चढून किंचाळत होते. तो कलला, सुटला. गोलरक्षक एकीकडे, चेंडू दुसरीकडे. गोल! आई शेजारच्या अनोळखी बाईच्या गळ्यातच पडली.

त्या एका गोलवर आम्ही सामना जिंकला. चिखलाने माखलेला तिरक्या तडक आमच्याकडे आला. मागोमाग मॅनेजर.

"मावशी, हे बुळबुळीत काय लावलं होतं?" तिरक्याने विचारलं.

"खळ हो. चुकलंच माझं."

"चुकलं कसलं! साहेब, आपले कपडे मावशीच धुणार. बाकीच्यांचे मऊ, माझी जर्सी अश्शीच."

मॅनेजरने घसा खाकरला. "तर मग... पुढच्या सामन्याला वेळेत द्या म्हणजे झालं."

आईने डोळे पुसले आणि तिरक्याची बाही दोन बोटांत चोळून पाहिली.

"खळ पातळच झाली होती जरा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी घट्ट करते."