पहिला घोट ओतणारीचा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. गणिताच्या पेपरात मिळतो तो नव्हे, येर्बाच्या पाल्याचा कडू चहा प्यायचा. वेलावर वाढलो, उन्हात वाळलो, आतून कोरला गेलो आणि पायसांदू शहराच्या बाजारातून ओफेलियाबाईंच्या घरी आलो. तोंडाला चांदीची कड बसली, तेव्हा माझी ऐट काय विचारता!

ओफेलियाबाईंची लेक निबिया मला काखोटीला मारून नदीवर मासे धरायला जाई. एकदा गळाला लागलेल्या माशाची लांबी ती दरवर्षी वीतभर वाढवून सांगे. मला ती फार आवडे.

मग बाईंना विसर पडू लागला. निबियाने गळ माळ्यावर टाकला. आईला न्हाऊ घालणे, भरवणे, औषधे देणे यातच तिचा दिवस सरे. हे सारे ती मायेने करी. पण रस्त्यात भेटणारा जो तो फक्त आईची तब्येत विचारी. फोन आला तर ती म्हणे, "ओफेलियाची मुलगी बोलतेय." दूर राहणारा भाऊ वाल्देमार महिन्यातून एकदा तिला शाबासकी देई. शाबासकीला काय लागते!

आमच्याकडे एकच भोपळा पुन्हा पुन्हा भरून सगळ्यांत फिरवतात, आणि पहिला भरलेला भोपळा पाणी ओतणाऱ्याने प्यायचा असतो. तो कोमट असतो, त्यात चुरा येतो, म्हणून तो दुसऱ्याला देत नाहीत. निबिया मात्र हल्ली स्वतः पीतच नव्हती. मला भरायची आणि थेट आईपुढे धरायची. मला ते सलत होते, पण भोपळ्याचे ऐकतो कोण?

एके सकाळी बाईंनी मला परत ढकलले. "आधी तू पी."

"मला नको गं. तू घे."

"ओतणारीनं आधी प्यायचं. एवढंही शिकवलं नाही का तुझ्या आईनं?"

निबियाला हसू आले आणि रडूही आले. "शिकवलं होतं. मीच विसरले," ती म्हणाली, आणि तिने मला तळापर्यंत रिकामे केले.

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "नाव काय गं तुझं, पोरी?"

"निबिया."

कितीतरी दिवसांनी तिने ते नाव मोठ्याने उच्चारले. मग उठून वाल्देमारला फोन लावला. "मी निबिया बोलतेय. रविवारी ये. आईजवळ तू बसायचंस, मी नदीवर चाललेय." तिने विचारले नाही, सांगितले. तो आला.

मित्रांनो, आता मला बारीक तडा गेला आहे, तेव्हा मला जपून विसळा. पण तुमच्या घरी आजाऱ्याच्या उशाशी जे कोणी बसते, त्याला आधी जपा. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, "तू जेवलास का?" म्हणून विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.